भट्टीतली जोखीम एकट्या शिल्पकाराच्याच माथी का?

सिरॅमिकच्या प्रदर्शनात उभं राहिलं की एक प्रश्न हमखास कानावर येतो, "मातीचंच आहे ना, मग एवढी किंमत कशी काय?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, त्याला खरंच माहीत नसतं, आणि गॅलरीतल्या पांढऱ्या चौथऱ्यावरचं शिल्प बघून ते कळणारही नाही, कारण तिथे फक्त भट्टीतून वाचलेलं काम आलेलं असतं. फुटलेलं, वाकलेलं, ग्लेझ म्हणजे वरचा काचेसारखा थर ओघळून शेल्फला चिकटून बसलेलं, थंड होताना मानेपाशी तडा गेलेलं काम स्टुडिओच्या मागच्या भिंतीला टेकून पडलेलं असतं. त्याची माती, त्याचा गॅस, त्याचे महिने, सगळ्याचा खर्च कोणीतरी केलेलाच असतो आणि ते कोणीतरी म्हणजे दर वेळी शिल्पकार. माझं म्हणणं सरळ आहे. जो माणूस सिरॅमिक शिल्प संग्रहासाठी घेतो, त्यातही सांगून करून घेतो, त्याने भट्टीच्या जोखमीतला वाटा उचलायला हवा, आणि पुढे तेच काम चढ्या भावाने विकलं गेलं तर त्यात कलाकाराला हिस्सा मिळायला हवा. पहिली गोष्ट व्यवहाराची आणि दुसरी कायद्याची, आणि आपल्याकडे दोन्हींची अवस्था वाईट आहे.

मी स्वतः मातीत काम करते, मोठी कामं, धड, चेहरे, कधी उभे आकार जे एकसंध भाजताच येत नाहीत म्हणून तुकड्यांत करून नंतर जोडावे लागतात. त्यामुळे आधी भट्टीत नक्की काय होतं ते नीट सांगते, कारण हे माहीत नसेल तर पैशाचा सगळा वाद हवेतला वाटतो.

शिल्पाची माती म्हणजे नुसती चिकणमाती नसते, तिच्यात ग्रॉग घालतात, म्हणजे आधीच भाजलेल्या मातीचा चुरा, त्याने माती कमी आकसते आणि आतली वाफ बाहेर पडायला वाट राहते. तरी वाळताना आणि भाजताना मिळून आकार दहा-बारा टक्के लहान होतोच. काम आतून पोकळ ठेवायचं, जाडी सगळीकडे शक्य तितकी सारखी, आणि मग प्लास्टिकखाली हळूहळू वाळवायचं, मोठ्या कामाला यात आठवडेच्या आठवडे जातात आणि पावसाळ्यात तर वाळता वाळत नाही. कान किंवा बोटं लवकर वाळतात, पोट ओलं राहतं, मग त्यांच्यामध्ये ताण तयार होतो, आणि तो ताण डोळ्याला दिसत नाही. तो भट्टीत गेल्यावर दिसतो.

पहिली भाजणी बिस्किटची, म्हणजे ग्लेझ न लावता, साधारण ९५० ते १००० डिग्री सेल्सिअस. सुरुवातीचे तास सगळ्यात धोक्याचे, आत जरा जरी ओल उरली असेल आणि तुम्ही शंभर डिग्रीचा टप्पा घाईने ओलांडला तर पाण्याची वाफ होते, तिला जागा मिळत नाही आणि काम आतून फुटतं, आणि एक फुटलं की त्याचे तुकडे शेजारच्या दोघांना घेऊन जातात. पुढे ५०० ते ६०० च्या आसपास मातीच्या रेणूंत बांधलेलं पाणी निघून जातं, तिथून मागे फिरणं नाही, ती माती आता परत भिजवून माती होणार नाही. आणि याच पट्ट्यात, बरोबर ५७३ डिग्रीला, मातीतल्या क्वार्ट्झच्या स्फटिकांची रचना बदलते आणि ते एकदम प्रसरण पावतात, थंड होताना त्याच आकड्याला परत आकसतात. जाड-पातळ भिंतींचं शिल्प असेल तर एक बाजू ५७३ च्या खाली आलेली असते आणि दुसरी अजून वर असते, मग तडा जातो. रात्री भट्टी बंद करून झोपलेलो असताना जातो, आणि पुष्कळदा इतका बारीक असतो की ग्लेझच्या भाजणीनंतरच उघडा पडतो.

ग्लेझची भाजणी म्हणजे स्टोनवेअरला, जास्त उष्णतेला भाजून दगडासारख्या घट्ट होणाऱ्या मातीला, १२४० ते १२८० च्या आसपास. इथे नुसता मीटर बघून भागत नाही कारण मातीवर उष्णतेबरोबर वेळेचाही परिणाम होतो, म्हणून भट्टीत कोन ठेवतात, सिरॅमिकच्याच मिश्रणाचे छोटे सुळके, ठरावीक उष्णता ठरावीक वेळ मिळाली की ते वाकतात, आणि आपण काळा चष्मा लावून भोकातून बघत बसायचं की तिसरा वाकला का. रिडक्शन करायचं असेल तर डॅम्पर, म्हणजे धुराड्याची झडप, आत सरकवून भट्टीतली हवा कमी करायची, मग आग ग्लेझमधल्या धातूंच्या ऑक्साइडमधून प्राणवायू ओढून घेते, लोखंड हिरवट-करडं होतं, तांबं लाल होतं. तांब्याचा लाल हा तर छळणारा रंग, थोडं रिडक्शन कमी पडलं की हिरवट, जास्त झालं की यकृतासारखा तपकिरी, आणि एकाच शिल्पाच्या दोन बाजूंना दोन्ही होऊ शकतं कारण ज्योत एका बाजूने येते. मग बंद करायचं आणि थांबायचं. प्रेशर कुकरची वाफ जिरायच्या आधी झाकण उघडायची जी घाई होते ती इथे केली तर महिन्यांचं काम जातं.

हे सगळं नीट करणारी माणसं अनुभवी असतात, तरी भट्टी पूर्ण ताब्यात येत नाही. गोरा कुंभाराने थापटणं घेऊन संतांच्या डोक्यावर मारून कोण कच्चा ते ओळखलं ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, आणि खरोखर आम्हीही काम बाहेर काढलं की बोटाने टिचकी मारून आवाज ऐकतो, खणखणीत वाजलं तर बरं, बद्द वाजलं तर आत कुठेतरी तडा आहे. पण ही परीक्षा भाजून झाल्यानंतरची आहे. भाजायच्या आधी काय होणार हे सांगणारी टिचकी नाही.

आता व्यवहार. एका संग्राहकांनी माझं तांब्याच्या लाल रंगातलं एक धड प्रदर्शनात बघितलं, ते विकलं गेलेलं होतं, त्यांना तसंच पण थोडं मोठं हवं होतं. सभ्य गृहस्थ, कलेची चांगली जाण, घरी उत्तम चित्रं आहेत. किंमत ठरली, काही लिहून घेतलं नाही, ॲडव्हान्स नाही, "झालं की सांगा मॅडम" एवढ्यावर काम सुरू. एका भट्टीत रंगच बिघडला, पाठ लाल आणि छाती तपकिरी. नंतरच्या एका भट्टीत रंग असा उतरला की मी दार उघडून तिथेच उभी राहिले, खांद्यावर गडद, बरगड्यांवर पातळ होत जवळजवळ पांढरा, मागच्या बाजूला कण्याच्या खाचेत ग्लेझ साठून काळपट लाल झालेला. आणि काखेपासून कमरेपर्यंत तडा, नख आत जाईल एवढा. ते येऊन बघून गेले, रंगाचं मनापासून कौतुक केलं आणि म्हणाले, "तिसरं करा, मला घाई नाही." घाई त्यांना नव्हती हे खरंच होतं. गॅसवाल्याला होती. मी विषय काढला तेव्हा त्यांनी जे विचारलं ते मी तसंच सांगते कारण प्रश्न प्रामाणिक होता, "मॅडम, तुमची मेहनत मला मान्य आहे, पण जे माझ्या घरी येणारच नाही त्याचे पैसे मी का द्यायचे? चित्रकाराचा कॅनव्हास बिघडला तर तो मला बिल लावत नाही."

या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं, नुसतं रागावून चालणार नाही. चित्रकाराचा कॅनव्हास बिघडतो तेव्हा तो बिघडताना चित्रकाराला दिसतो, तो थांबू शकतो, वर रंग लावू शकतो, दुसऱ्या दिवशी खरवडू शकतो. सिरॅमिकमध्ये हाताचं काम संपल्यानंतर निकाल लागतो आणि लागल्यावर दुरुस्ती नाही. ही जोखीम माझ्या निष्काळजीपणातून आलेली नाही, ती या माध्यमाच्या आत आहे, आणि संग्राहकाला नेमकं तेच माध्यम हवंय. तो लाल त्याला ॲक्रिलिकमध्ये नको होता. जी अनिश्चितता त्या रंगाला तो रंग बनवते तिचाच फायदा त्याला हवा आणि तोटा मात्र माझा, हा हिशोब बरोबर नाही.

दुसरं, त्याने काम सांगितलं तेव्हा माझी भट्टीतली जागा त्याने घेतली. हे बाहेरच्या लोकांना लक्षात येत नाही. भट्टी भरणं हा एक मोठा हिशोबाचा भाग असतो, गॅस तेवढाच जळतो मग आत एक शिल्प असो की पन्नास वाट्या, त्यामुळे प्रत्येक घन इंच मोजून भरतात, मोठ्या कामाच्या पोटाशी, दोन्ही बाजूंना छोटं काम रचतात. तांब्याच्या लालसाठी जसं रिडक्शन लागतं ते दुसऱ्या ग्लेझना मानवत नाही, म्हणजे शेजारी काय ठेवायचं यावर बंधन आलं. एका माणसाच्या इच्छेसाठी अख्खी भट्टी वळवली जाते आणि त्याचा एक रुपयाही त्या भट्टीत नाही.

लोक म्हणतील मग फुटलेल्याचा खर्च वाचलेल्याच्या किमतीत घालून टाका, सगळे धंदे असंच करतात. घालतोच की आम्ही, जमेल तेवढा. पण बाजार तो घालू देत नाही. "मातीचंच आहे ना" हा प्रश्न तिथे आडवा येतो, शिवाय गॅलरीचं कमिशन असतं, पुष्कळ ठिकाणी ते निम्म्यापर्यंत जातं, आणि गॅलरीही वाचलेल्यावरच कमिशन घेते, फुटलेल्यात तिचा भाग शून्य. आणि समजा मी सगळा तोटा किमतीत घातलाच, तर मग ज्याने माझं छोटं काम प्रदर्शनातून सरळ उचललं त्याने त्या संग्राहकाच्या फसलेल्या धडांचे पैसे का भरायचे? ज्याने सांगितलं त्याने भरावेत हे जास्त सरळ नाही का.

आगीचा खर्च कसा वाटायचा याचा खरा विचार केलेला माणूस मला पुदुच्चेरीत दिसतो. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये तिथे गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली आणि आज भारतात स्टुडिओ पॉटरी करणाऱ्यांपैकी कितीतरी जण तिथे शिकून गेलेत किंवा तिथे शिकलेल्यांकडे शिकलेत. मीकर मुळात आर्किटेक्चरच्या बाजूने आलेले. ऐंशीच्या दशकात त्यांनी कच्च्या विटांची, कमानी आणि घुमट असलेली घरं बांधली आणि बांधून झाल्यावर अख्खं घर भट्टीसारखं पेटवून भाजलं. आता घर भाजायला जळण किती लागेल विचार करा, तर त्यांनी घराच्या आत विटा, फरशा असा माल भरला, म्हणजे घर ही भट्टी आणि आतला माल विकून जळणाचा खर्च निघावा, घर पक्कं व्हायचं ते त्यातूनच. हा विचार मला फार मोठा वाटतो. आग ही सगळ्यात महाग गोष्ट आहे हे त्यांनी आधी मान्य केलं आणि मग तिचा भार एकट्या घरावर न टाकता आतल्या प्रत्येक विटेवर थोडा थोडा ठेवला. घरं भाजायची ही कल्पना पुढे सर्रास पसरली नाही, पण हिशोब करायची पद्धत आजही बरोबर आहे.

दुसरी वाट संस्थांची. मृणालिनी मुखर्जी यांचं नाव तागाच्या दोरांच्या गाठी मारून केलेल्या प्रचंड शिल्पांसाठी प्रसिद्ध आहे, नव्वदच्या दशकात त्या सिरॅमिककडे वळल्या, १९९६ मध्ये नेदरलंड्सच्या युरोपियन सिरॅमिक वर्क सेंटरमध्ये त्यांनी काम केलं. त्या केंद्राची कल्पनाच अशी की मोठ्या भट्ट्या आणि तांत्रिक माणसं संस्थेची, कलाकाराने येऊन त्याला हवं ते अवघड करून बघायचं. फसलं तर त्या फसण्याला एक छप्पर असतं. आपल्याकडे भोपाळच्या भारत भवनात १९८२ पासून सिरॅमिकची कार्यशाळा आहे, दिल्लीत ललित कला अकादमीचे गढी स्टुडिओ आहेत, हिम्मत शहा यांनी तिथे वर्षानुवर्षं मातीत काम केलं, त्यांची ती टेराकोटाची डोकी, आधुनिक भारतीय शिल्पकलेत त्यांच्या तोडीचं फार थोडं आहे असं मला वाटतं. नंतर ती ब्राँझमध्येही ओतली गेली. ब्राँझचा साचा असतो, एकातून अनेक प्रती निघतात, विकल्यावर पुन्हा ओतता येतं. मातीच्या मूळ कामाला हे सुख नाही, ते एकदाच आहे, आणि बाजारात मात्र अजूनही ब्राँझ म्हटलं की लोक न विचारता जास्त पैसे मोजतात.

मुंबई-पुण्यातल्या तरुण शिल्पकाराला माणसाएवढं काम भाजायला स्वस्तात भट्टी कुठे मिळणार? कॉलेज संपलं की कॉलेजची भट्टी संपते. ओळखीच्या स्टुडिओत जागा मागावी लागते, आणि तिथला मालक स्वतःचं काम धोक्यात घालून दुसऱ्याचं अर्धवट वाळलेलं धड आत कशाला ठेवेल, तो नाही म्हणतो आणि त्याचं चूक नाही. म्हणून मग पोरं छोटं करतात, कप करतात, वर्कशॉप घेतात, शनिवार-रविवार लोकांना चाक फिरवायला शिकवतात. त्यात कमीपणा काही नाही, पण ज्याला शिल्प करायचंय त्याला ते करता येत नाही हे नुकसानच आहे, आणि ते कोणाच्याच ताळेबंदात दिसत नाही. राज्य सरकारने जिल्ह्याजिल्ह्यात कलादालनं बांधण्याआधी दोन-तीन ठिकाणी सार्वजनिक भट्ट्या आणि त्या चालवणारी पगारी माणसं दिली तर मला जास्त आनंद होईल. त्यातून धारावीच्या कुंभारवाड्यालाही काही मिळेल, तिथे आजही कापडाच्या चिंध्या आणि कापसाचा कचरा जाळून भट्ट्या पेटतात, तो धूर आधी कुंभारांच्या घरात जातो आणि मग शेजाऱ्यांच्या तक्रारीत.

आता कायदा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५३अ नावाचं कलम आहे, १९९४ च्या दुरुस्तीने आलं. ते असं म्हणतं की चित्र, शिल्प किंवा रेखाचित्राची मूळ प्रत दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकली गेली तर कलाकाराला, तो नसेल तर वारसांना, त्या किमतीत वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. कलाकाराने कॉपीराइट लिहून दिला असला तरीही. कागदावर हे फार चांगलं आहे, जगातल्या पुष्कळ देशांत एवढंही नाही. पण वाटा किती ते ठरवायचं काम एका मंडळाकडे दिलं होतं, ते मंडळ आधी दुसऱ्या मंडळात विलीन झालं आणि २०२१ मध्ये तेही बंद झालं, आता कोर्टाची पायरी चढा. त्यातून काम कुठे, कितीला, कोणी विकलं हे कलाकाराने स्वतः शोधून काढायचं. लिलावात विकलं तर निदान किंमत जाहीर होते, दोन संग्राहकांनी आपसात व्यवहार केला तर आम्हाला त्याचा वाराही लागत नाही. म्हणून हे कलम पुस्तकात आहे आणि माझ्या ओळखीतल्या एकाही सिरॅमिकवाल्याला त्यातून कधी रुपया मिळालेला नाही.

आणि त्यात आमची वेगळी अडचण. दृश्यकलेपैकी कलमात चित्र, शिल्प, रेखाचित्र एवढंच आहे. सिरॅमिक नाही. माझं धड शिल्पात मोडेल, ठीक. पण ज्याने आयुष्यभर पात्राचा आकार घेऊन काम केलं, ज्याचा घट हे वापरायचं भांडं नाहीच, त्याचं काय? त्याला सहज म्हणता येईल की हे शिल्प नाही, ही कलात्मक कारागिरी, आणि कायद्यात कलात्मक कारागिरीला कॉपीराइट आहे पण या पुनर्विक्रीच्या कलमात जागा नाही. युरोपियन युनियनने २००१ मध्ये याच हक्काचा निर्देश काढला तेव्हा त्यात सिरॅमिक आणि काचकाम ही नावं स्पष्ट लिहिली, ब्रिटनने २००६ पासून तो अमलात आणला तेव्हाही लिहिली, तिथे उतरत्या भाजणीने दर लागतो, पहिल्या टप्प्याला ४ टक्के, आणि कलाकारांच्या वतीने ते पैसे गोळा करणाऱ्या संस्था आहेत, कुंभाराला कोर्टात जावं लागत नाही. फ्रान्समध्ये तर हा हक्क १९२० पासून आहे. आपल्या कलमात एक शब्द वाढवायचा आणि वसुलीची सोपी वाट करायची, एवढंच मागणं आहे.

हा फरक आपल्याकडे जास्त बोचतो कारण आपल्याकडे कुंभार आणि शिल्पकार यांच्यातली रेघ नुसती कलेची नाही, जातीची आणि शिक्षणाचीही आहे. भाईंदरला राहणारे ब्रह्मदेव राम पंडित परंपरेने कुंभार घरातले, स्टोनवेअरमध्ये आयुष्य घातलं, २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं काम पात्राच्या आकारातून येतं. अशा माणसाला देश पद्मश्री देतो आणि तोच देश कायदा लिहिताना त्याच्या माध्यमाचं नाव विसरतो. आर्ट स्कूलमधून आलेल्या माझ्यासारखीला "शिल्प" म्हणून सवलत आणि त्यांच्या घटाला नाही, हे मला स्वतःला लाज आणणारं वाटतं.

संग्राहकांबद्दल मी फक्त तक्रार करतेय असं वाटू नये, कारण चांगला संग्राहक मिळणं हे या कामातलं सगळ्यात मोठं बळ आहे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट आणि लिसा सेन्सबरी या जोडप्याने लूसी री आणि हान्स कोपर या स्टुडिओ कुंभारांचं काम जमवलं, आणि तेच लोक हेन्री मूरची शिल्पं, फ्रान्सिस बेकनची चित्रंही घेत होते, म्हणजे घट आणि ब्राँझ आणि कॅनव्हास त्यांच्या घरात एका पातळीवर होते. तो संग्रह त्यांनी नॉरिचच्या विद्यापीठाला दिला, १९७८ पासून तो लोकांना बघायला मिळतो. माध्यमाची उतरंड न मानणारी अशी नजर ही संग्राहकाची खरी देणगी असते, पैसे त्याच्यानंतर. आपल्याकडेही जयपूरच्या जवाहर कला केंद्रात २०१८ मध्ये पहिली इंडियन सिरॅमिक्स ट्रिएनाले, म्हणजे सिरॅमिकचं त्रैवार्षिक प्रदर्शन, झाली, २०२४ मध्ये दिल्लीत दुसरी, तिथे मोठं, अवघड, विकायला सोपं नसलेलं काम बघायला आलेले लोक मी पाहिलेत, काहींनी नंतर स्टुडिओत येऊन भट्टी लावताना बघितली. ज्याने एकदा रात्रभर भोकातून कोन वाकताना बघितलाय तो माणूस "मातीचंच आहे ना" परत म्हणत नाही.

चांगल्या संग्राहकाची आणखी एक खूण, काम मोडलं तर तो आधी फोन करतो. सिरॅमिक घरात फुटतं, मुलं असतात, साफसफाई असते, चालायचंच. पण एका घरी मी माझं काम बघितलं, कान तुटलेला, बाजारातला एपॉक्सी लावून परत चिकटवलेला आणि वरून जवळपासचा रंग फासलेला, आणि खाली माझं नाव तसंच. कॉपीराइट कायद्याच्याच कलम ५७ प्रमाणे कामाचा असा विपर्यास झाला आणि त्याने नावाला धक्का बसला तर विकल्यानंतरही कलाकाराला दाद मागता येते. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनातून १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं होतं, सहगल कोर्टात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने उरलेले तुकडे त्यांना परत द्यायला आणि वर पाच लाख नुकसानभरपाई द्यायला सरकारला सांगितलं. तिथे विकत घेणारं सरकार होतं. घराघरातल्या संग्राहकाशी कोणी असं भांडत नाही, भांडू नयेच, पण पैसे दिले म्हणून वस्तूचं काहीही करता येतं हा समज जायला हवा. मी आता प्रत्येक कामाबरोबर एक पान देते, कुठली माती, किती डिग्रीला भाजलं, तुटलं तर काय करायचं आणि काय नाही.

बदल्यात आम्हीही सरळ वागायला हवं, हे मी आमच्याच लोकांना ठासून सांगते. तडा भरून वर मेण किंवा रंग लावून काम खपवणारे आहेत. आणि बिघडलेल्या प्रत्येक गोष्टीला "भट्टीचा प्रसाद" म्हणून विकायची सवयही वाढलीये. लाकडाच्या भट्टीत राख उडून वितळते, कधी तडा असा जातो की काम जास्त चांगलं होतं, हे खरं आहे, पण ते कुठल्या कामाचं आणि कुठल्याचं नाही हे करणाऱ्याला पक्कं माहीत असतं. जोखमीत वाटा मागायचा असेल तर निकालाबद्दल खरं बोलावंच लागेल. निर्मला पटवर्धन यांच्यासारख्या सिरॅमिक कलाकारांनी ग्लेझच्या चाचण्या करून, मोजमापं लिहून ती सगळ्यांसाठी छापून ठेवली, तो उघडेपणा संग्राहकाशी बोलतानाही पाहिजे. भट्टीची वही त्याला दाखवायला हरकत काय आहे.

तर सांगून करून घेतलेल्या कामासाठी मी आता काय लिहून घेते ते सांगते, कोणाला वापरायचं असेल तर खुशाल वापरा. किमतीचा एक भाग आधी, माती आणि हातकामाचा, तो परत मिळणार नाही. त्याशिवाय भट्टीचा वाटा वेगळा, जितकी जागा व्यापली जाईल त्या प्रमाणात, आणि काम फसलं तर पुढच्या भट्टीचा खर्च निम्मा-निम्मा. शक्य असेल तेव्हा मी एकाच्या जागी दोन करते, दोन्ही वाचली तर पहिली निवड त्यांची आणि दुसरं माझं, मग ते मी कोणालाही विकेन. रंग नमुन्याच्या जवळचा येईल, तोच येईल असं वचन नाही. तडा असेल तर आधी सांगेन आणि त्यांना नको म्हणायचा हक्क आहे, पण भट्टीचा वाटा परत मागायचा नाही. आणि शेवटी, काम पुढे विकलं तर मला कळवायचं आणि नफ्यातले पाच टक्के, कायदा काहीही म्हणो, आपल्या दोघांतला शब्द म्हणून.

यावर काही जण सही करत नाहीत. त्या धडवाल्या गृहस्थांनीही आधी केली नव्हती, मग एकदा भट्टी उघडायच्या दिवशी आले, आतून निघालेलं सगळं टेबलावर मांडताना बघितलं, काय वाचलं आणि काय गेलं, आणि आठवड्याने कागद मागवून घेतला. जे अजिबात तयार होत नाहीत त्यांच्यासाठी मी सांगितलेलं काम घेत नाही. स्टुडिओत तयार असलेलं जे आहे ते बघा, आवडलं तर घेऊन जा, त्याच्या भट्टीचे पैसे मी आधीच भरलेत आणि ते किमतीत धरलेत.